एका खिडकीची माडी

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीला घरी आली की पत्ते काढते. जुगाराचे नव्हेत, भविष्याचे. टॅरो म्हणतात त्याला. मोबाईलवर बघून बघून शिकली, मग रंगीत चित्रांचा एक जोड मागवला, आणि आता तिच्या ऑफिसातल्या निम्म्या पोरी लग्न करू का नको हे हिला विचारतात. मी म्हटलं, "अगं, लहानपणी दारात पिंगळा आला की नाक मुरडायचीस, आणि आता स्वतःच पिंगळा झालीस की!" त्यावर ती म्हणते, "आई, हे भविष्य नाही. हे स्वतःशी बोलणं आहे." असेल बाई. मला स्वतःशी बोलायला पत्ते लागत नाहीत, शिलाई मशीनवर बसलं की आपोआप सुरू होतं. भवानी पेठेत घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, आणि दिवसभर माझी बडबड ऐकायला ते मशीन असतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरचा मे, म्हणजे कूलरसुद्धा गरम हवा ओकत होता. पोरगी फरशीवर चादर अंथरून पत्ते मांडून बसली होती. मी तिला डिवचायला म्हटलं, "एवढं सगळं कळतंय ना तुझ्या पत्त्यांना, मग विचार त्यांना, आण्णांना गावाला न्यावं का नको."

आण्णा म्हणजे माझे वडील. वय पंच्याऐंशीच्या पुढं. दिवाळीच्या आधी आई गेली आणि तेव्हापासून ते माझ्याकडं. आमचं गाव करमाळ्याच्या बाजूला, भीमेच्या काठावर होतं. होतं म्हणायचं, कारण उजनी धरणाचं पाणी चढलं आणि ते खाली गेलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. उन्हाळा कडक पडला की पाणी मागं हटतं, आधी देवळाचं शिखर दिसायला लागतं, मग भिंती, मग जोती. भावकीतले लोक जातात, देवाला नारळ फोडतात, फोटो काढतात, रडतात, आणि संध्याकाळी धाब्यावर जेवून घरी येतात. इतक्या वर्षांत आण्णा एकदाही गेले नव्हते. विषय काढला की उठून जायचे. आणि आता, आई गेल्यावर, एकच धोशा लावला होता.

"धरान लई उतरलंय म्हनं. मला घर बगायचं हाय."

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, उन्हात नेऊ नका. न्यावं तर तिथं काही बरं-वाईट व्हायचं. न न्यावं तर पाऊस पडून गाव परत खाली जायचं, आणि पुढचा उन्हाळा आण्णांना दिसेल की नाही हे डॉक्टरही सांगेनात. माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता.

"मनात प्रश्न धर आणि एक पत्ता काढ," पोरगी म्हणाली. मी काढला. उलटा करून बघितला.

काळंकुट्ट आभाळ. डोंगराच्या टोकावर एक उंच बुरूज. त्याच्यावर वीज पडलेली, वरचा मुकुटासारखा कळस उडालेला, खिडक्यांतून जाळ निघतोय, आणि दोन माणसं डोकं खाली, पाय वर अशी कोसळतायत. आता बोला! मी काय विचारलं होतं, आणि उत्तर काय आलं.

पोरगी घाईघाईनं समजवायला लागली. "आई, घाबरू नकोस. ह्याला टॉवर म्हणतात. अचानक मोठी उलथापालथ होणार, एवढाच अर्थ. खोट्या पायावर उभं असतं ते कोसळतं, म्हणजे मग खरं काय ते दिसतं. आम्ही ह्याला चांगलं कार्ड मानतो. जे पोकळ असतं तेच पडतं."

"पडतं ते सगळं पोकळच असतं असं कुणी सांगितलं तुला?" मी एवढ्या जोरात ओरडले की कॉटवर पडलेले आण्णा उठून बसले. "आमचं अख्खं गाव गेलं. ते काय पोकळ होतं का? देऊळ पोकळ होतं? चिंच पोकळ होती? पुण्यात एसीत बसून अर्थ सांगायला काय जातंय!"

पोरगी पत्ते गोळा करायला लागली. आण्णांनी हात पुढं केला, तो पत्ता मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्याजवळ धरला. मला वाटलं, आता हेही घाबरणार. बराच वेळ बघून त्यांनी पत्ता परत दिला.

"खिडक्या तीन काडल्यात," म्हणाले. "आपल्या माडीला एकच हुती."

आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्या माडीचं सांगायला पाहिजे. आमच्या घराण्याला सगळीकडं हसू करून ठेवलं होतं तिनं.

आमच्याकडं घरं माळवदाची, बसकी, मातीच्या धाब्याची. गावात कुणाला माडी नव्हती. आणि धरणाचं ठरलं, सरकारी माणसं येऊन प्रत्येक घराच्या भिंतीवर तांबड्या रंगानं खूण करून गेली, त्याच्यानंतर आण्णांनी माडी बांधायला काढली! लोक घरावरची लाकडं कशी सोडवायची ह्याचा विचार करत होते, आणि हा माणूस घडीव दगड आणून बाहेरच्या बाजूनं पायऱ्या बसवत होता. सगळ्यांनी समजावलं. चुलत्यांनी शिव्या दिल्या. आण्णा ऐकून घ्यायचे आणि परत गवंड्याच्या हाताखाली उभे राहायचे. मग कुणीतरी शोध लावला, की ह्याला वाटतंय पाणी त्या तांबड्या खुणेपर्यंतच येणार. खाली पाणी आणि वर आपण, असा ह्याचा हिशोब हाय! ती खूण माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर होती. झालं, गावाला तेवढंच पाहिजे होतं. आण्णांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

पण मला ती माडी आठवते ना, ती वेगळीच. एकच खोली, ओल्या मातीचा आणि चुन्याचा वास, आणि नदीच्या अंगाला एक खिडकी. खाली घरात सासू, चुलत्या, येणारी-जाणारी माणसं. आई दिवसभर डोक्यावरचा पदर सावरत खाली मान घालून वावरायची. दुपारी कामं उरकली की सूप घेऊन वर यायची, खिडकीत बसायची आणि ज्वारीतले खडे निवडायची. पदर खांद्यावर. वाऱ्यानं केस उडायचे. नदीत होडी दिसली की मला उठवायची, "बघ बघ, कोण आलंय बाजाराहून ओळख." मी चुकीचं नाव सांगितलं की खळखळून हसायची. खाली मी तिला तसं हसताना कधी बघितलं नाही. खाली ती सून होती. वर आली की नुसती ती असायची. एक पावसाळा आणि एक हिवाळा, एवढंच आयुष्य त्या माडीला. पण मला लहानपण म्हटलं की तेवढंच आठवतं, बाकीचं सगळं कुणीतरी सांगितल्यासारखं वाटतं.

आणि ते पत्त्यातलं "अचानक" म्हणतात ना, त्याची एक गंमत सांगते. आमच्या गावाला सगळं आधी कळलं होतं. नोटिसा आल्या, खुणा झाल्या, धरणाची भिंत उभी राहताना लोक स्वतः बघून आले. तरी बायका दिवाळीला घरं सारवत होत्या. दारात तुळस लावत होत्या. आणि एक दिवस शिवारात पाणी दिसलं, तेव्हा सगळं गाव असं धावलं की जसं कुणी काही सांगितलंच नव्हतं! पायाखालची जमीन सरकते म्हणतात, आम्ही ती सरकताना उघड्या डोळ्यांनी बघितली, आणि तरी आम्हाला ते अचानकच वाटलं. माणसाचं असंच असतं का आमचंच गाव तसं होतं, कोण जाणे.

निघायच्या दिवशी ट्रक भरून झाला. आजी रडून रडून पुढं जाऊन बसली. आई तेवढी वरून खाली येईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, चुलते ओरडत होते. आण्णा पायरीशी उभे. त्यांनी हाक मारली नाही, वर गेले नाहीत. नुसते थांबले. आई आली ती पदर डोक्यावर घेऊनच आली.

मग सोलापूर. भवानी पेठेत एक खोली, तळमजल्यावर, खिडकी बोळात उघडणारी. पलीकडं मागाचा कारखाना, दिवसरात्र खटखट. शेजारी सगळे तेलुगू बोलणारे विणकर, फार माया लावली त्यांनी. आण्णा त्याच कारखान्यात लागले, चादरी विणायला शिकले. आईचं आयुष्य त्या एका खोलीत गेलं. नदी नाही, वारा नाही, कानाला मागाची सवय झाली. पण लग्नकार्यात भावकी जमली की कुणीतरी हमखास सुरू करायचं, "या या, माडीवाले! पाणी कुठवर आलं?" आणि मांडवभर हशा. आण्णाही हसायचे. खरं सांगू का, मीसुद्धा हसायचे. सगळे हसायचे, एक आई सोडून. ती काहीतरी निमित्त काढून उठायची, कधी पाणी आणायला, कधी पोरगं रडतंय म्हणून. मला वाटायचं, नवऱ्याच्या येडेपणाची हिला लाज वाटते. आणि वाईट वाटायचं आण्णांचं.

तर पत्ता निघाला आणि मी आण्णांना नाही म्हणून टाकलं. ऊन उतरू द्या म्हटलं, मग गाडी मिळत नाही म्हटलं. पोरगी रोज समजवायची. "आई, कार्ड म्हणजे धमकी नाही गं." मी म्हणायची, "तू गप्प बस. आईला जाऊन वर्ष झालेलं नाही, आणि मी वडिलांना त्या विजेखाली नेऊन उभं करू?" एरवी मी कुणाच्या अंगाऱ्या-धुपाऱ्याला भीक घालत नाही, पण मनात एकदा पाल चुकचुकली की चुकचुकलीच. तो बुरूज डोळ्यांपुढून हलेना. त्या दोन पडणाऱ्या माणसांतलं एक मला आण्णांसारखं दिसायला लागलं होतं.

आण्णा भांडले नाहीत. त्यांनी दुसरंच सुरू केलं. सकाळी उठायचं, आंघोळ करायची, पांढरंशुभ्र धोतर नेसायचं, टोपी घालायची, आणि कापडी पिशवी मांडीवर घेऊन दारात खुर्चीवर बसायचं. माझ्याकडं ब्लाउज टाकायला बायका यायच्या, विचारायच्या, "आण्णा, कुठं निघालात?" ते म्हणायचे, "गावाला." दुपारी उठून आत यायचे, धोतर घडी घालून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. एके दिवशी टीव्हीवर सांगितलं की पुण्याकडं घाटात वळवाचा पाऊस झाला. तिकडं पाऊस झाला की पाणी इकडं येतं, हे आमच्या भागात पोरासोरांनाही माहीत. आण्णांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर परत दारात, पण आज पायात चपलाही घातलेल्या. मला रडूच फुटलं. मी पोरीला म्हटलं, "ठरव गाडी. जे व्हायचं ते तिथं होऊ दे."

पहाटे निघालो. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि आण्णांच्या गोळ्या. हमरस्ता सोडून आत वळलो तसे केळीच्या बागा आणि उसाचे फड लागले, आणि मग एकदम काहीच नाही. नुसता भेगाळलेला गाळ, लांबच लांब. शिंपले पडलेले. मागं हटणाऱ्या पाण्यामागं शेतकऱ्यांनी पाईप ओढत नेलेले, मोटारी धडधडत होत्या. देवळाचं शिखर दिसलं तशी मी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. आण्णांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

गाळावर एक तरुण शेतकरी पाईप जोडत होता. त्यानं विचारलं, "कुणाचं घर बघताय?" आण्णांनी आडनाव सांगितलं. त्याला कळेना. गाव गेलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मग आण्णाच हळूच म्हणाले, "माडीवाल्याचं."

"माडीची पायरी व्हय?" तो एकदम म्हणाला. "मग तसं सांगा की! कोळी होड्या बांधत्यात तितं. पानी उतरलं की देवळानंतर ती पायरीच आदी वर येती. चला, दावतो."

पोरीनं एका बाजूनं, मी एका बाजूनं धरलं आणि आण्णांना नेलं. घर असं काही नव्हतंच. जोतं होतं, गुडघाभर भिंत होती. माडी केव्हाच विरघळून गेलेली. पण त्या घडीव दगडाच्या पायऱ्या जशाच्या तशा होत्या. भिंतीपाशी सुरू होऊन वर चढत गेलेल्या, आणि वर काहीच नाही. नुसतं आभाळ. कुण्या कोळ्याची दोरी अजून एका दगडाला बांधलेली होती. आण्णांनी चपला काढल्या, खालच्या पायरीवर बसले आणि दगडावरनं हात फिरवला. मी त्यांचा श्वास बघत होते, चेहरा बघत होते. वीज पडायची तर आत्ताच पडेल, असं वाटत होतं. ते मात्र माझ्याहून शांत होते.

मला राहवेना. "आण्णा, एक विचारू? त्या तांबड्या खुणेचं... तुम्हाला खरंच वाटलं होतं, की पाणी तेवढंच येणार?"

आण्णा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"मला काय येडा समजलीस व्हय? त्यो घराचा नंबर हुता. माज्याच म्होरं लिवला त्या मानसानं. गाव बुडनार, हे समद्यांच्या आदी मला म्हाईत हुतं."

"मग बांधली कशाला?"

 लांब मोटार धडधडत होती.

"तुज्या आईला पायजे हुती," म्हणाले. "वैरागात तिच्या बापाचं माडीचं घर. पेठेत, रस्त्यावर. खिडकीत बसायची सवय पोरीला. बगायला गेलो तवा म्या सबूद दिला हुता, माडी बांदीन म्हनून. मग न्हाय जमलं. भावांची लगनं, हिरीचं काम, दुस्काळ. आन् मग कळलं, गावच चाललं. एक दिस ती म्हनली, जाऊ द्या, आता ऱ्हायलंच ते. लई वाईट वाटलं बग मला. म्हनलं, ऱ्हातंय कसं? बुडायला येळ हाय की अजून."

मी खालीच बसले, गाळात, साडीनिशी.

"मग लोकांना सांगितलं का नाही? जन्मभर हसले की हो तुम्हाला!"

"काय सांगू? गाव बुडतंय आन् हिला माडीची हौस, असं म्हनून तिला नावं ठिवली असती. बाईमानसाला लई टोचून बोलत्यात. म्हनलं, मला येडा म्हनू द्या, मला काय हुतंय. ती लई म्हनायची, सांगून टाका आता, मला ऐकवत न्हाय. म्या तिला शपत घातली हुती." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "आता ती न्हाय. आता तिला कोन काय म्हननार?"

पोरगी तिकडं तोंड करून उभी होती, खांदे हलत होते तिचे. मला आई दिसत होती, मांडवातनं उठून जाणारी. लाजेनं उठत होती असं मी धरून चालले होते. माझ्या आईला मी जन्मभर चुकीचं ओळखलं, होडीतल्या माणसांना ओळखायचे तसंच.

पोरीच्या त्या पत्त्यात बुरूज आहे, वीज आहे, पडणारी माणसं आहेत. पण हे पडणार आहे हे माहीत असून तो कुणी, कुणासाठी बांधला, ते त्याच्यात कुठंच काढलेलं नाही.

"पोरी," आण्णा मला म्हणाले, "मला काय आता चडवत न्हाय. तू वर जा. शेवटच्या पायरीवर हुबी ऱ्हा, आन् मला सांग, नदी दिसती का?"

"आण्णा, आता नदी कुठली, सगळं धरणच..."

"जा तर."

मी साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि एक-एक पायरी चढत गेले. माझेही गुडघे आता काही कमी कुरकुरत नाहीत. शेवटच्या पायरीवर पोचले, जिथं माडीचं दार होतं. वारा एकदम तोंडावर आला. समोर पाणी पार खाली उतरलेलं, आणि गाळाच्या मधोमध, तिच्या जुन्याच वाटेनं, तिच्या जुन्याच वळणानं, बारीक धार धरून भीमा वाहत होती. एक होडीसुद्धा होती तिच्यात.

माझा पदर डोक्यावरनं खांद्यावर आला, तो मी तसाच राहू दिला.

"दिसते, आण्णा," मी वरून ओरडले. "दिसते."

त्यांनी खालूनच मान हलवली. मग पोरीला म्हणाले, भाकरी काढ, भूक लागली.